वसईकर संत गोन्सालो गार्सिया व जपानची शिष्टाई

आमच्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगी प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तिकेत एखाद्या पुण्यपुरुषाचे चरित्र असावे, ही प्रथा योग्यच आहे. आसीसीचे संत फ्रान्सिस, पादुआचे संत आंतोनी, लिस्यूची संत तेरेजा ह्यांची नावे आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्या तसबिरी आपल्या भिंतींवर आहेत आणि आपल्या लेकरांना आपण त्यांचीच नावे देतो. परंतु भारतभूमीत जन्मलेल्या ज्या पुरुषास ख्रिस्तसभेने सर्वांत प्रथम संतपद दिले, तो दूर कोठे नव्हे तर आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वसईस, जन्मास आला होता, ही गोष्ट घाटावरील आपल्या मंडळींस तितकीशी परिचित नाही. वसई-विरारकडील ख्रिस्ती बंधूंस ती लहानपणापासून ठाऊक असते. आमच्या सोलापुरातही ती ठाऊक व्हावी, म्हणून संत गोन्सालो गार्सिया ह्यांचे हे अल्पचरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

सोलापूरकरांस ह्या कथेतील एक गोष्ट ओळखीची वाटेल. आमच्याच शहरात १९१० साली जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीन देशात रुग्णसेवेसाठी गेले. पथक काही काळापुरते गेले होते. इतर चौघे परत आले. कोटणीस तेथेच राहिले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच त्यांनी देह ठेवला. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांची कथा धर्मप्रसाराची नव्हे. तथापि, थोड्या दिवसांच्या कामासाठी समुद्रापार गेलेला मनुष्य परक्या लोकांचाच होऊन राहतो म्हणजे काय होते, हे सोलापूरच्या माणसास निराळे समजावून सांगावे लागत नाही. गोन्सालोंची कथा त्याच जातीची आहे, आणि ती साडेतीनशे वर्षे जुनी असताना कोटणीसांची घडली.

वसईचा मुलूख १५३४ साली गुजराथच्या बहादूरशहाकडून तहाने पोर्तुगीजांकडे गेला. त्यापाठोपाठ फ्रान्सिस्कन संन्यासी आले, मग येशूसंघीय आले. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे पायही त्या भूमीस लागले होते. किल्ल्याच्या तटाआत देवळे, मठ व शाळा उभ्या राहिल्या. अशा त्या वसईत १५५६ च्या सुमारास गोन्सालो जन्मले. वडील पोर्तुगीज शिपाई, आई वसईचीच. म्हणजे घरात बापाची भाषा एक आणि आईची दुसरी, असे त्यांचे बाळपण गेले. पुढे ज्या गुणाने त्यांचे नाव झाले, तो दोन भाषांच्या मध्ये उभे राहून दोहोंशी प्रामाणिक राहण्याचा गुण, त्याचे पहिले धडे त्यांना ह्या घरातच मिळाले असावेत, असे आम्हांस वाटते. शिक्षण येशूसंघाच्या पाद्रींकडे झाले. त्यांच्या बाळपणाविषयी ह्याहून अधिक विस्तार करण्याजोगे काही नाही. संतांच्या बाळलीला रचण्याची काही चरित्रकारांस हौस असते, ती आम्हांस नाही.

पंधरा वर्षांचे असताना, म्हणजे १५७२ च्या सुमारास, ते येशूसंघाच्या पाद्रींबरोबर जपानास निघाले. त्या काळचा हा प्रवास म्हणजे काय, ह्याची कल्पना आज आगबोटीने वा विमानाने जाणाऱ्यास यावयाची नाही. गोव्याहून मलाक्का, मलाक्क्याहून मकाव, मकावहून नागासाकी. आणि प्रत्येक टप्प्यावर अनुकूल वाऱ्याची वाट पाहत महिनेच्या महिने बंदरात मुक्काम. नागासाकी बंदर पोर्तुगीज व्यापारासाठी उघडले त्यास तेव्हा वर्षच झाले होते. संत फ्रान्सिस झेवियर जपानात उतरले त्यास (१५४९) अजून पाव शतकही लोटले नव्हते.

तेथे सुमारे आठ वर्षे गोन्सालोंनी उपदेशकाचे, म्हणजे आपण ज्यास कॅटेकिस्ट म्हणतो ते काम केले. ह्या काळात त्यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की पुढे राजदरबारात त्यांच्या बोलण्यास कोणी नाव ठेवू शकले नाही. ही गोष्ट लहान समजू नये. जपानी भाषेत समोरचा मनुष्य कोण, आपण कोण, आणि ज्याच्याविषयी बोलतो तो कोण, ह्यांवर क्रियापद पालटते. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत. तेथे त्याहून कितीतरी अधिक, आणि प्रत्येक पायरीवर पाय घसरण्याची भीती. ग्रंथ वाचून हे येत नाही. बाजारात, अंगणात, आजाऱ्याच्या उशाशी बसून ते यावे लागते. ह्याच सुमारास, १५७९ साली, एक इंग्रज येशूसंघीय गोव्यास उतरला आणि मराठी शिकू लागला. ते फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले आणि आजही मराठी वाङ्मयात त्याचा मान आहे. इंग्लंडचा मनुष्य मराठी होण्यासाठी पश्चिमेकडून आला, आणि वसईचा मुलगा जपानी होण्यासाठी पूर्वेकडे गेला, तो हा काळ.

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही गोन्सालोंची मोठी इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. काही लेखकांनी ह्यावरून येशूसंघावर कडक टीका केली आहे. त्या काळी ह्या देशात जन्मलेल्यांस, मिश्र घराण्यातल्यांससुद्धा, बहुतेक धर्मसंघांची दारे बंद असत, हे खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. ज्या मंडळींनी त्यांना वाढविले, शिकविले, समुद्रापार नेले, त्यांच्या पंक्तीला त्यांना बसता आले नाही, हे दुःख लहान नव्हते. त्यांनी ते कुरकुर करीत वाहिले नाही, पण विसरलेही नाहीत. कारण त्यांच्या पुढील आयुष्याची सारी दिशा ह्या एका नकाराने ठरली.

त्यांनी पाद्रींचा निरोप घेतला आणि व्यापार सुरू केला. तिकडच्या बंदरांतून त्यांचा माल जाऊ लागला, ओळखी वाढल्या, पैसाही चांगला मिळाला. व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाइन्स बेटांत मनिला शहरी जात. तेथे फ्रान्सिस्कन संन्याशांची व त्यांची गाठ पडली. भरभराटीस आलेला धंदा सोडून, फ्रान्सिस्कन संघात त्यांनी ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. ते पुरोहित झाले नाहीत, शेवटपर्यंत ब्रदरच राहिले. मठात स्वयंपाक, झाडलोट, दाराशी आलेल्या भिकाऱ्यास अन्न देणे, ही ब्रदरांची कामे असत. ज्याच्या पदरी नोकर होते, त्याने ती हौसेने पत्करली.

येथून पुढे आमच्या कथेचा मुख्य भाग.

त्या वेळी जपानात तोयोतोमी हिदेयोशी ह्याची सत्ता होती. हा अत्यंत सामान्य घरात जन्मलेला पुरुष पराक्रमाने व बुद्धीने साऱ्या जपानाचा धनी झाला होता. ताइको ही त्याची पदवी. १५८७ साली त्याने परदेशी पाद्रींनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण त्याची सक्ती फारशी केली नव्हती; पोर्तुगीजांच्या व्यापाराची त्याला गरज होती. १५९२ साली त्याने कोरियावर स्वारी केली. त्याच सुमारास त्याचे पत्र मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराकडे आले. त्यातला मथितार्थ असा की, आम्हांस शरण या, खंडणी पाठवा, नाहीतर आमचे सैन्य येईल. गव्हर्नर गोमेझ पेरेझ दासमारिन्यास ह्याच्याजवळ लढण्याजोगे सैन्य नव्हते. त्याने हुआन कोबो नावाच्या डोमिनिकन पाद्रींस वकील म्हणून पाठविले. कोबो ताइकोस भेटले, पण परतताना त्यांचे जहाज फोर्मोसाच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यांचा अंत झाला. उत्तर मनिलास पोहोचलेच नाही. मध्ये जी जपानी व्यापारी मंडळी होती, त्यांनी दोन्ही बाजूंस गोड वाटेल असे सांगण्याचा उद्योग चालविला होता. ताइकोला वाटे की मनिला शरण येण्याच्या बेतात आहे, आणि मनिलास वाटे की ताइकोला मैत्री हवी आहे. असा घोळ झाला असता दुसरी वकिलात पाठविणे भाग होते, आणि ह्या वेळी दोन्ही भाषा जाणणारा, कोणाच्या पैशाचा मिंधा नसलेला दुभाष्या हवा होता.

फ्रान्सिस्कन संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांची वकील म्हणून निवड झाली. ते स्पेनचे, विद्वान, मनिलास सर्वांना पूज्य. त्यांच्याबरोबर फादर बार्तोलोमे रुईझ, ब्रदर फ्रान्सिस्को दे सान मिगेल आणि दुभाषी ब्रदर गोन्सालो. १५९३ च्या मे महिन्यात ही मंडळी मनिला सोडून निघाली. काम ठरलेले होते: पत्र द्यावयाचे, नजराणा द्यावयाचा, तहाची बोलणी करावयाची आणि उत्तर आणावयाचे. परराष्ट्रात धर्मसेवकांनी थोड्या मुदतीसाठी जावे आणि नेमलेले काम करून परत यावे, ह्यापलीकडे कागदावर काही नव्हते. मनात काय होते हा प्रश्न निराळा. जपानात राहून धर्म सांगण्याची फ्रान्सिस्कनांची इच्छा जुनी होती, आणि ती ते लपवीतही नसत.

ताइकोची छावणी तेव्हा क्यूशू बेटावरील नागोया येथे होती. (आज जे मोठे शहर नागोया म्हणून प्रसिद्ध आहे ते हे नव्हे.) कोरियाच्या स्वारीसाठी तेथे अफाट सैन्य व सरदार जमले होते. रेशमी वस्त्रांच्या त्या दरबारात जाड्याभरड्या झग्याचे, कमरेला दोर बांधलेले, अनवाणी चार संन्यासी उभे राहिले. ताइको हा नजराण्याची किंमत पाहणारा मनुष्य होता, पण माणसाचीही पारख करी. ह्या लोकांस काही नको आहे, हे त्याच्या ध्यानात आले असावे, कारण त्याने त्यांस चांगल्या रीतीने वागविले.

त्या दरबारातील प्रसंग आमच्या मते गोन्सालोंच्या आयुष्यातला सर्वांत कठीण होता. नागासाकीच्या टेकडीपेक्षाही, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करतो. टेकडीवर फक्त मरावयाचे होते. येथे बोलावयाचे होते. ताइकोचे म्हणणे की मला शरण या. पेद्रो बाप्तिस्तांचे म्हणणे की आम्ही मैत्री करावयास आलो आहो, शरण यावयास नव्हे. शब्द थोडासा मऊ केला असता तर सर्वांस बरे वाटले असते आणि कोणास ते कळलेही नसते. मागल्या मध्यस्थांनी तेच केले होते. शब्द थोडा कठोर झाला असता तर चौघांची मस्तके तेथेच उडाली असती, आणि मनिलावर आरमार चालून गेले असते. राजाला शोभेल असा आदर प्रत्येक क्रियापदात ठेवून, नकाराचा मात्र एक कणही न गाळता, गोन्सालोंनी ते बोलणे जपानीत सांगितले. ताइको रागावला, पण ऐकून घेतले. मैत्रीची बोलणी पुढे चालू ठेवण्याचे ठरले. मनिलाहून उत्तर येईपर्यंत ह्या चौघांनी ओलीस म्हणून जपानात राहावे, असे ठरले आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले.

अशा रीतीने काही महिन्यांची शिष्टाई लांबली. ज्या गव्हर्नराने त्यांस पाठविले, तो त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात स्वतःच्या जहाजावर चिनी वल्हेकऱ्यांच्या हातून मारला गेला.

ताइकोच्या परवानगीने चौघे राजधानी मियाको, म्हणजे आजचे क्योतो, येथे राहावयास गेले. त्यांना जागा मिळाली, आणि १५९४ साली तेथे एक लहानसे ख्रिस्तमंदिर उभे राहिले. आसीसीजवळच्या पोर्सिउंकुलाच्या मंदिराप्रमाणे ते देवदूतांच्या राणीस वाहिलेले होते. त्याच्या लगत दोन रुग्णालये त्यांनी काढली. तेथे येणारे रोगी प्रामुख्याने महारोगी आणि निराधार. त्या काळच्या जपानात, आपल्याकडच्याप्रमाणेच, महारोग्यास गावाबाहेर टाकीत. फ्रान्सिस्कन संन्यासी त्यांचे पाय धूत, जखमा बांधीत, आणि हे करीत असताना उघड्या रस्त्यावर आपला धर्मपोशाख घालून फिरत. मनिलाहून आणखी पाद्री येऊन मिळाले. ओसाका येथेही घर झाले. गोन्सालो सर्वत्र लागत. नवीन आलेल्या पाद्रींस भाषा येत नसे. पापनिवेदनास आलेला माणूस काय म्हणतो, रुग्ण कोठे दुखते म्हणतो, अधिकारी काय धमकी देतो, हे सारे आधी वसईच्या ह्या ब्रदरच्या कानांतून जाई.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे प्राप्त आहे. जपानातील येशूसंघीय पाद्रींस फ्रान्सिस्कनांचे हे वागणे पसंत नव्हते. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी १५८५ साली जपानचे धर्मकार्य एकट्या येशूसंघाकडे सोपविले होते. शिवाय १५८७ चा हुकूम रद्द झालेला नव्हता; म्हणून येशूसंघीय गुपचूप, झाकून काम करीत आणि वादळ निवळण्याची वाट पाहत. त्यांना वाटे की हे नवे लोक आपल्या उघड्या प्रार्थनांनी साऱ्यांनाच संकटात घालतील. फ्रान्सिस्कनांस वाटे की गरिबांकडे जाण्यास लपून जावे लागत असेल तर जाणेच कशाला. त्यात पोर्तुगीज व स्पॅनिश ह्यांच्या व्यापाराची चुरस मिसळली. दोन्ही पक्षांची पत्रे युरोपात जात आणि त्यांतली भाषा फारशी बंधुभावाची नसे. गोन्सालोंची स्थिती तर विलक्षण: त्यांस वाढविणारे एका बाजूस, त्यांस आपले म्हणणारे दुसऱ्या बाजूस. न्याय कोणाच्या बाजूने होता हे ठरविण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. येशूसंघीयांची भीती खरी ठरली. फ्रान्सिस्कनांच्या रुग्णालयांतील महारोगीही खरे होते.

१५९६ च्या ऑक्टोबरात सान फेलिपे नावाचे प्रचंड स्पॅनिश जहाज, मनिलाहून मेक्सिकोकडे जात असता, तुफानात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यातला माल अमोल होता. कोरियाच्या लढाईत ताइकोचा खजिना आटला होता आणि त्याच वर्षी मोठ्या भूकंपाने राजधानीची हानी झाली होती. माल जप्त झाला. त्या वेळी जहाजाच्या सुकाणूवाल्याने स्पेनच्या राज्याचा नकाशा दाखवून, आधी पाद्री जातात व मागून सैन्य जाते अशी फुशारकी मारली, असे सांगतात. ही गोष्ट खरोखर घडली की नाही ह्याविषयी इतिहासकारांत आजतागायत वाद आहे. घडली असो वा नसो, ताइकोने मनिलाच्या संन्याशांस पकडण्याचा हुकूम दिला, आणि डिसेंबरात क्योतो व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले.

कैद्यांची यादी चोवीस जणांची झाली. फ्रान्सिस्कन संघाचे सहा: पेद्रो बाप्तिस्ता, मार्तिन, फ्रान्सिस्को ब्लांको, फ्रान्सिस्को दे सान मिगेल, गोन्सालो, आणि फिलिप नावाचा तरुण. हा फिलिप मेक्सिकोत जन्मलेला. पुरोहितदीक्षा घेण्यासाठी मायदेशी चालला होता आणि त्या फुटलेल्या जहाजावरूनच क्योतोस आला होता. येशूसंघाचे तिघे, सर्व जपानी. त्यांत पौल मिकी हे नामांकित उपदेशक. ते ओसाका येथे सापडले म्हणून यादीत आले. बाकीचे पंधरा जपानी प्रापंचिक: कोणी उपदेशक, कोणी रुग्णालयातील सेवक, कोणी कारागीर. त्यांत तीन मुलगे होते. लुई इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनी तेरा वर्षांचा, आणि थॉमस कोझाकी चौदा-पंधराचा. थॉमस आपल्या बापाबरोबर होता.

१५९७ च्या जानेवारीच्या ३ तारखेस क्योतो येथे त्यांचे कान कापण्यात आले. हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. अंमलबजावणी करणारा अधिकारी इशिदा मित्सुनारी ह्याने दया येऊन डाव्या कानाच्या तुकड्यावर भागविले. मग त्यांस गाड्यांत घालून क्योतो, ओसाका व साकाई ह्या शहरांतून मिरविले, आणि नागासाकीस नेऊन वधस्तंभावर द्यावे असा हुकूम झाला. नागासाकी का? कारण तेथे ख्रिस्ती वस्ती सर्वांत दाट होती, आणि ज्यांनी पाहावे अशी ताइकोची इच्छा होती ते तेथे होते.

भर हिवाळ्यात ही यात्रा सुमारे महिनाभर चालली. अंतर पाचशे मैलांच्या आसपास, म्हणजे सोलापूरहून नागपुराकडे जावे आणि तेथून आणखी पुढे चालतच राहावे इतके. सक्त पहाऱ्यात, बर्फावर, अंगावर झग्याशिवाय काही नाही, कानाची जखम ओली. वाटेत दोघे ख्रिस्ती त्यांची सेवा करीत मागोमाग येत होते. पहारेकऱ्यांनी त्यांनाही धरून यादीत घातले, आणि त्यांनी सुटण्याची खटपट केली नाही. अशा रीतीने चोवीसांचे सव्वीस झाले. वाटेत मिहारा येथील किल्ल्यात रात्रीच्या मुक्कामात लहानग्या थॉमसने आपल्या आईला निरोपाचे पत्र लिहिले. ते पत्र तिला तेव्हा पोहोचले नाही. बापाच्या मृत्यूनंतर त्याच्या अंगरख्यात सापडले. त्यातील मजकूर आम्ही येथे देत नाही. ज्याच्या घरी त्या वयाचा मुलगा आहे, त्यास तो कळेल.

नागासाकीस वधाची व्यवस्था पाहणारा तेराझावा हांझाबुरो हा पौल मिकींच्या ओळखीचा होता आणि त्यास हे काम जड वाटत होते. बारा वर्षांच्या लुईस त्याने एकीकडे बोलावून, धर्म सोडलास तर सोडवितो असे सांगितले. मुलाने नकार दिला.

५ फेब्रुवारी १५९७ ह्या दिवशी निशिझाका टेकडीवर सव्वीस वधस्तंभ एका ओळीत आडवे ठेवले होते. खाली बंदर, समोर समुद्र, आणि भोवती शहरातील ख्रिस्ती लोकांची गर्दी. जपानी रीतीने खिळे ठोकीत नसत. मनगटे, घोटे व मान लोखंडी कड्यांनी व दोरांनी जखडीत. परंपरा अशी सांगते की गोन्सालो सर्वांच्या पुढे गेले, आपला वधस्तंभ कोणता ते विचारून घेतले आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून त्यास मिठी मारली. ते तेव्हा चाळीस वर्षांचे होते. ज्या भाषेत त्यांनी उपदेश केला, दरबारात बोलणी केली, रोग्यांची गाऱ्हाणी ऐकली, त्याच भाषेत त्यांनी पहारेकऱ्यास हा शेवटचा प्रश्न विचारला असला पाहिजे. सर्व वधस्तंभ एकदम उभे करण्यात आले. पौल मिकी वधस्तंभावरून लोकांस उद्देशून बोलले आणि मारणाऱ्यांस क्षमा केली. मग दोन्ही बाजूंनी भाले घालण्यात आले. सहा फ्रान्सिस्कन आणि तीन येशूसंघीय, ज्यांच्या वरिष्ठांची एकमेकांविरुद्धची पत्रे त्या वेळीही समुद्रावर होती, ते एकाच ओळीत, एकाच सकाळी मेले.

हिदेयोशी पुढच्याच वर्षी मृत्यू पावला. १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मास पूर्ण बंदी झाली आणि अडीचशे वर्षे तो देश पाद्रींस मिटला.

पोप आठवे अर्बन ह्यांनी १६२७ साली गोन्सालोंस धन्यपद दिले. तेव्हापासून वसईत त्यांचा सण पाळला जाऊ लागला. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, किल्ल्यातील मठ व देवळे ओस पडली आणि त्यांच्या भिंतींवर पिंपळ उगवले. त्या धामधुमीत वसईच्या ह्या पुत्राची आठवणही पुष्कळशी विरून गेली. ख्रिस्ती कुटुंबे मात्र आपापल्या गावी टिकून राहिली, शेती व मासेमारी करीत राहिली. ८ जून १८६२ रोजी रोम येथे पोप नववे पायस ह्यांनी सव्वीसही हुतात्म्यांस संतपद दिले. त्याच दिवशी भारताला आपला पहिला संत मिळाला आणि मेक्सिकोला फिलिपच्या रूपाने तिचा.

त्यानंतर तीन वर्षांनी जे घडले त्याचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. जपानचे दार परदेशीयांस पुन्हा उघडले होते आणि नागासाकीस ओउरा येथे फ्रेंच पाद्रींनी एक मंदिर बांधून ते ह्या सव्वीस हुतात्म्यांस वाहिले होते. १७ मार्च १८६५ रोजी काही शेतकरी स्त्री-पुरुष भीत भीत त्या मंदिरात आले आणि फादर पेतिझां ह्यांच्याजवळ त्यांनी आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. सात पिढ्या एकही पुरोहित नसता, बाप्तिस्मा आणि काही प्रार्थना त्यांनी घरातल्या घरात जपून ठेवल्या होत्या. अशी हजारो माणसे निघाली. १९४५ च्या अणुबाँबने नागासाकीचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. ओउराचे मंदिर मोडले, पण पडले नाही. संतपदाच्या शताब्दीस, १९६२ साली, निशिझाका टेकडीवर सव्वीसांच्या पुतळ्यांची ओळ असलेले स्मारक उभारण्यात आले. सर्वांचे हात जोडलेले किंवा उघडे आहेत, पाय खाली लोंबते आहेत. त्यांत एक आकृती वसईकराची आहे.

वसईकडे १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे. आपण पुणे धर्मप्रांताचे. तेथील किल्ल्यात येशूसंघाचे जे जुने मंदिर होते, ते आता संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्या नावाने ओळखले जाते. गास येथील धर्मग्राममंदिरही त्यांच्याच नावाचे आहे. आपल्यापैकी ज्यांस ही स्थळे पाहण्याची इच्छा असेल, त्यांनी सोलापूरहून मुंबईची आगगाडी धरून दादरास उतरावे व तेथून विरारकडे जाणाऱ्या गाडीने वसई रोड गाठावे. किल्ला तेथून काही मैलांवर आहे. सव्वीस हुतात्म्यांचा सण ६ फेब्रुवारीस येतो, आणि त्या सुमारास हवाही थंड असते.